दाढीवाली प्रेमा

सुनंदाताई घाडी पहिल्यांदा आमच्या टेबलाशी आल्या त्या भांडायलाच. चारकोपच्या एका मंडळाची व्यायामशाळा आम्ही दर रविवारी दुपारी दोन ते सहा भाड्याने घेतो. तिच्या किल्ल्या ताईंकडे असतात, आणि सहा वाजता त्या शिकवतात त्या कबड्डीच्या मुली येतात. त्या दिवशी सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि आमचा एक सामना काही केल्या संपत नव्हता.

"सर, खेळणी आवरा आता," त्या म्हणाल्या.

मी बोरिवलीत अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. वय त्रेचाळीस. तरी माझ्या खेळाला कुणी खेळणी म्हटलं की मला राग येतो, आणि राग आला की मी शिकवायला लागतो. त्यांनाही शिकवलं. हा पुठ्ठ्यावर आखलेला मैदानाचा पट. दोन्ही बाजूंना बोटाच्या दोन पेरांएवढे अकरा-अकरा गडी. कुणाचे राक्षस, कुणाची भुतं, कुणाचे बुटके. चेंडू उचलायचा, समोरच्यांना आडवं पाडत पलीकडच्या रेषेपार न्यायचा, की गोल. कोण कुणाला पाडतो ते फासे ठरवतात, पण आपला सोबती शेजारी उभा असला तर फासे आपल्या बाजूने झुकतात.

त्या कमरेवर हात ठेवून, वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे कबड्डीच की. शेजारी कोण उभं आहे, त्याच्यावर सगळं."

मी हा खेळ बारा वर्षं खेळतोय, त्याची स्पर्धा भरवतोय, पंच मीच असतो, नियमावलीचं मराठी मी रात्री जागून टाइप केलंय. इतक्या थोडक्यात तो मलाही सांगता आला नव्हता. अर्थात तसं मी कबूल केलं नाही. नुसतं "हो, साधारण तसंच," म्हटलं.

पुढच्या रविवारी त्या दोन वाजताच आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या, मूळच्या मालवणकडच्या, सत्तावन्न वर्षांच्या, हातात वेळ भरपूर. महिन्याभरात त्यांनी स्वतःचा संघ घेतला. आमच्यात नवखी माणसं सहसा राक्षस घेतात, कारण ते दिसायला दांडगे. ताईंनी बुटके घेतले. "उंच माणूस पडला की उठायला वेळ लावतो," हे त्यांचं कारण. बुटक्यांच्या सदऱ्यांना त्यांनी मंडळाचा भगवा-निळा रंग दिला आणि प्रत्येकाच्या पायाखाली बारीक अक्षरात नाव लिहिलं. जयंती, शकु, रुक्मिणी, प्रेमा. सत्याऐंशी साली ताई ज्या संघातून खेळल्या त्यातल्या मुलींची ही नावं. सगळ्या मुलींना छातीपर्यंत दाढ्या होत्या, पण ताईंना त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्यांची पहिली लढत सम्यकशी होती. सम्यक मानखुर्दचा, रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करतो. बोलायला इतका मऊ की सुई टोचल्याचं माणसाला कळत नसेल. पटावर मात्र त्याच्याकडे एक अजस्र राक्षस आहे. त्या राक्षसाने ताईंची प्रेमा उचलून आपटली, फासे वाईट पडले, आणि प्रेमा मेली. ताईंनी तिला पटाबाहेर ठेवलं. चेहऱ्यावर काही नाही. दोन चालींनी त्यांच्या जयंतीने गोल केला, तशी ताईंनी प्रेमाला उचललं आणि पटावर परत उभं केलं.

"मावशी, ती गेली ना," सम्यक म्हणाला.

"गेली होती. आता गोल झाला ना रे? एक पॉइंट, एक गडी जिवंत."

मी तिथे गेलो. सांगितलं की ताई, ते कबड्डीत. इथे मेलेला गडी उठत नाही. या सामन्यात नाही, पुढच्या सामन्यात नाही, अख्ख्या मोसमात नाही. नवा गडी घ्या, नाव नवं द्या.

"असा कसा नियम?" त्यांनी विचारलं. "बाकीच्यांनी एवढं खेळून पॉइंट आणायचा, आणि बाहेर बसलेलीने बाहेरच बसायचं? मग आणायचा कशाला?"

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. हे वाक्य बोलताना मला फार बरं वाटतं, हे माझ्या बायकोने मला अनेकदा ऐकवलं आहे.

ताईंनी प्रेमाला रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं आणि तो सामना त्या हरल्या. त्यानंतर चार रविवार त्या दहाच गडी घेऊन खेळल्या. अकरावा कोण हे विचारलं की म्हणायच्या, "आहे. बसलीय." दहा जणांत त्यांनी तीन सामने जिंकले, कारण त्यांचे बुटके एकमेकांना सोडून कुठे जातच नसत. पण पंच म्हणून मला ते डाचायला लागलं. एका रविवारी सगळे गेल्यावर मी त्यांना जरा चिडूनच म्हटलं की ताई, बाहुलीच ती, नवी घ्या आणि मोकळ्या व्हा.

त्या पट पुसत होत्या. पुसता पुसताच त्यांनी सांगितलं. सत्याऐंशीची जिल्ह्याची फायनल. शेवटची दोन मिनिटं, ताई आणि प्रेमा कोपऱ्यात, हातात हात धरून साखळीत. समोरची चढाई करणारी मुलगी सांडासारखी अंगावर आली आणि ताईंनी घाबरून हात सोडला. प्रेमा एकटीच त्या मुलीच्या घोट्यावर पडली. घोटा सोडला नाही, पण फरफटत गेली आणि गुडघा उलटा फिरला. पॉइंट मिळाला, सामना जिंकला. पुढच्या आठवड्यात राज्याच्या संघात ताईंची निवड झाली आणि त्याच्या जोरावर खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत नोकरी लागली. प्रेमा पुन्हा मैदानात उतरली नाही. सांताक्रूझला एका खोलीत बसून तिने सदतीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवले.

"तुमच्यात भांडण झालं?" मी विचारलं.

"भांडली असती तर बरं झालं असतं. एका शब्दाने बोलली नाही हो. लग्नाकार्यात भेटते, काय गं बरी आहेस ना म्हणते, आणि लवकर निघून जाते." फडका घडी करून त्या थांबल्या. "दिवाळीनंतर खोली सोडून कायमची गावाला चाललीय. त्याआधी एकदा तिला सांगायचंय, की मी सोडला हात. पण रिकाम्या हाताने जायला तोंड नाही. ही स्पर्धा जिंकले ना सर, तर कप तिच्या हातात देईन आणि सांगेन."

घरी जाऊन मी नियमावली उघडली आणि मेलेल्या गड्याचं कलम पुन्हा वाचलं. मग एक कलम वाढवलं. मोसमात एकदा, एका गोलाच्या बदल्यात, एक मेलेला गडी उठेल. दुसऱ्यांदा मेला तर मात्र गेला. मी ग्रुपवर सगळ्यांना कळवलं की परदेशातही बऱ्याच ठिकाणी असं करतात. ही थाप होती. सम्यकने सर्वांत आधी अंगठा पाठवला.

प्रेमा उठली आणि ताई अंतिम फेरीत पोचल्या. समोर सम्यक.

त्या रविवारी खरी प्रेमा आली. कप तिथेच हातात देता यावा म्हणून ताईंनीच तिला बोलावलं होतं. काठी टेकत, एक पाय ताठ ठेवून चालणारी, बारीक चणीची बाई. ताईंनी तिला टेबलापाशीच खुर्ची दिली आणि आपला संघ दाखवला. प्रेमाताईंनी चष्मा लावला, गडी उलटा करून पायाखालचं नाव वाचलं, मग सुलटा करून तोंड बघितलं.

"ही मी?"

"हो."

"दाढी हा गो हिका."

"सगळ्यांनाच आहे. तुला एकटीला नाही."

प्रेमाताई तोंडाला पदर लावून हसल्या. ताई हसल्या नाहीत. लावलेले गडी त्या पुन्हा पुन्हा उचलून त्याच जागी ठेवत होत्या. सामना सुरू होण्याआधीच त्या हरल्यात असं मला वाटलं.

पण त्या झकास खेळल्या. शेवटाला एक-एक गोल होता आणि दोघांच्या दोन-दोन चाली उरल्या होत्या. बरोबरी झाली असती तर आधीच्या फेऱ्यांतल्या गुणांवर कप सम्यकला जाणार होता, म्हणजे ताईंना गोल हवाच होता. चेंडू जयंतीकडे होता. या चालीत ती पुढे धावली असती तर पुढच्या चालीत रेषेपार जाणार, अडवायला वाटेत कुणी नव्हतं. फक्त तिच्या शेजारी प्रेमा आडवी पडलेली होती आणि प्रेमाच्या डोक्याशी सम्यकचा राक्षस उभा होता. जयंती गेली की राक्षस पडलेल्या प्रेमाला तुडवणार. जयंती शेजारी उभी राहिली तर त्याचे फासे अवघड होणार, पण मग गोल होणार नाही.

हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना दिसत होतं. पंचाने सल्ला द्यायचा नसतो. पण माझ्या मनात मी ओरडत होतो, धावा ताई, बाहुली आहे ती, धावा. कप मिळाला तरच त्या बोलणार होत्या ना.

ताईंनी जयंतीवर बोट ठेवलं. रेषेकडे पाहिलं. मग बोट उचललं.

"जयंती थांबली," त्या म्हणाल्या. "तुझी चाल, सम्यक."

सम्यकने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तो प्रामाणिक गडी आहे, दया म्हणून हरणाऱ्यातला नाही आणि तसं केलं असतं तर ताईंनीच त्याला फाडून खाल्लं असतं. त्याने राक्षसाचा पाय उचलला आणि फासे टाकले. आठ हवे होते, सात आले. जयंती शेजारी नसती तर सातात प्रेमा गेली असती. शेवटच्या चालीत काहीच घडलं नाही. बरोबरी. कप सम्यकचा.

टाळ्या वाजल्या. ताईंनी उठून सम्यकच्या पाठीवर थाप मारली, गडी डब्यात भरले आणि मग प्रेमाताईंसमोरच्या खुर्चीवर बसल्या. मी पट आवरत होतो, मुद्दाम सावकाश. ऐकू नये हे कळत होतं तरी ऐकत होतो.

"धावायचं ना गो," प्रेमाताई म्हणाल्या. "मला काय कळत नाही वाटलं? समोर मोकळी वाट होती. हातचा कप गेला."

"कपच द्यायचा होता तुला."

"माका? कशाक?"

ताईंनी खुर्ची पुढे ओढली. "सत्याऐंशीच्या फायनलला मी तुझा हात सोडला, प्रेमा. घाबरले. तुझा गुडघा माझ्यामुळे गेला. इतकी वर्षं बोलले नाही. माफ कर."

प्रेमाताईंनी चष्मा काढला. त्या बोलल्या तेव्हा आवाज रागावलेला होता.

"तू खंय सोडलंस? मी सोडला."

"उगाच काहीतरी बोलू नको."

"उगाच कशाला बोलू? निवड समितीचे लोक पुढच्याच खुर्च्यांवर बसले होते. म्हटलं, दोघींनी पकड केली तर नाव दोघींचं होईल. मला एकटीचं हवं होतं. मी हात झटकला तुझा आणि पुढे झेप घेतली. गुडघा गेला तो माझ्या हावरेपणाने गेला." त्यांनी चष्मा पदराला पुसला. "मला वाटायचं, तुला सगळं ठाऊक आहे आणि तू मोठ्या मनाने गप्प राहिलीस. म्हणून लग्नाला आले की तुझ्यासमोर बसवायचं नाही मला. निघून जायचे."

ताई रडायला लागल्या, आवाज न करता, लहान मुलीसारखं पालथ्या हाताने नाक पुसत. प्रेमाताईही रडत होत्या, पण त्यांनी ते मान्य केलं नसतं.

बारा वर्षांत मी शेकडो तंटे सोडवले. प्रत्येक वेळी दोन्ही बाजू सांगत आल्या की चूक समोरच्याची. चूक माझी म्हणून दोघांनी हट्ट धरल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. खरं कोणाचं होतं, मला माहीत नाही. प्रेमाताई मैत्रिणीसाठी खोटं बोलल्या असतील, किंवा सदतीस वर्षं दोघींनी एकच ओझं दोन घरांत वाहिलं असेल. त्यावर निवाडा करण्याइतका मोठा पंच मी नव्हे.

"पुरे आता," प्रेमाताई म्हणाल्या. काठी खुर्चीला टेकवलेली होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. उजवा हात ताईंच्या पुढे केला. "धर. उठायचा हा माका. पाय वळत नाय."

ताईंनी तो हात बोटांत धरला नाही, मनगटाला मनगट लावून धरला, साखळीत धरतात तसा. प्रेमाताई उठून उभ्या राहिल्या, तोल सावरला. दाराला तीन पायऱ्या आहेत. त्या उतरून दोघी रिक्षा बघायला रस्त्यावर गेल्या, आणि रिक्षा आली तरी हात तसाच होता.