नाकाचे टक्के

फौजेतून सुटताना मेडिकल बोर्डाने माझ्या नाकाच्या जुनाट आजारावर शेरा मारला, ‘नोकरीशी संबंध नाही.’ म्हणजे अपंगत्वाची पेन्शन नाही. मांडवीतले शेजारी म्हणाले, “हात-पाय शाबूत घेऊन आलास, आणखी काय पाहिजे?” मीही गप्प बसलो.

एका दुपारी बायको मागीलदारी बांगडे साफ करत होती. मी चहा ठेवायला आत गेलो. काडी ओढणार, तेवढ्यात ती किंचाळत आली, “पेटवू नका! गॅस सुटलाय वो!” तिने रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. हात माशांच्या रक्ताने माखलेले, तसेच तिने माझे खांदे धरले.

“मागीलदारी वास आला मला. तुम्हाला इथे उभं राहून नाय आला?”

नाही आला. पार मेला होता वास. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी अपील केलं.

पुन्हा बोर्डापुढे बोलावलं. बायको सोबत आली, तिला बाहेर बसवलं. एक डॉक्टर नाकात नळी घालून बघत म्हणाला, “सर्दी कोणाला होत नाही?”

“साहेब, भरतीला माझं नाक फौजेच्याच डॉक्टरांनी तपासलं होतं,” मी म्हणालो. “तेव्हा ठणठणीत होतं. मग बर्फात, बंद बंकरमध्ये, रॉकेलच्या शेगडीपाशी हिवाळे काढले. सकाळी शिंकरलं की काळं निघायचं. दोनदा ऑपरेशन झालं, तेही तुमच्याच इस्पितळात. हा आजार मी घरून आणला असेल, तर भरतीच्या कागदावर दाखवा.”

डॉक्टरने नळी बाजूला ठेवली आणि फाईल मिटली.

निकाल आला. आजार नोकरीमुळेच झाला हे मान्य, पण अपंगत्वाचे टक्के इतके कमी लावले, की पेन्शन पुन्हा नाहीच. मेहुणा म्हणाला, “अर्धं जिंकलास ना? सोड आता.”

“का सोडू? भीक मागतोय का मी?”

बायको कपडे वाळत घालत होती. मागे वळूनही न बघता म्हणाली, “वकिलाकडे उद्या जायचं की आज?”

आम्ही त्याच दुपारी गेलो. कोर्टाची तारीख अजून लागलेली नाही. लागेल तेव्हा आम्ही दोघं जाणार, आणि या वेळी तिला बाहेर बसू देणार नाही. गॅसचं तिच्या तोंडूनच ऐकू दे त्यांना.