दिगंबर सरांचा मुद्दा

ताईचा फोन आला तेव्हा मी कुडाळच्या माझ्या दुकानात काजूची पोती उतरवून घेत होतो. "भाई, हे गेले रे. चाय घेऊन गेलंय तर खुर्चेर तशेच बसलेले..." तिचा आवाज पाणी भरायला सांगावं इतका सरळ होता. मीही रडलो नाही. त्याला आता दीड महिना होत आला. गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहावं असा रिवाज आहे, पण माझे मेहुणे दिगंबर सर यांच्याबद्दल मला तसं लिहिता येणार नाही.

सर वेंगुर्ल्याच्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर शिरोड्याच्या वाचनालयात महिन्याला एक चर्चा ठेवू लागले. समुद्रापलीकडच्या एका देशात यादवी पेटली. त्या देशाचं नाव आमच्या घरात कुणी काढत नाही, मीही इथे काढत नाही. तिथे बाहेरच्या फौजांनी जावं की नाही, यावर दोन-तीन महिने वाचनालय तापलेलं होतं. सर म्हणायचे, "शेजारी बाईला मारतोय, भिंतीतून ऐकू येतंय, आणि आपण त्यांच्या घरातला प्रश्न म्हणून कडी लावून जेवायचं?" मी म्हणायचो, "सोडवायला शिरलेला माणूस परत बाहेर निघाल्याचं दाखवा मला." टाळ्या त्यांनाच पडायच्या. त्यांचा मुलगा प्रसाद जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला होता. तेव्हा तो सुटीवर होता, मागे उभा राहून हसायचा. "पप्पानू, थंय तुमका कोण इचारूक येतलो?" आणि एक दिवस खरोखरच बाहेरची विमानं त्या देशात शिरली. सर त्या महिन्याच्या चर्चेत म्हणाले, "उशिरा का होईना, जग जागं झालं."

पुढच्याच फेरीला प्रसादचं जहाज गहू घेऊन तिथल्या बंदरात लागलं. बंदरात शस्त्रं उतरताहेत असा त्या फौजांना संशय होता, म्हणून धक्क्यावर बॉम्ब टाकले गेले. प्रसाद खाली इंजिनरूममध्ये होता... पेटी आली ती उघडू नका असं सांगून. फौजेच्या प्रवक्त्याने झालं ते खेदजनक असल्याचं म्हटलं. कुणाचं नाव घेतलं नाही.

प्रसादचं दिवसकार्य झाल्यावर ताई सरांसमोर बसली. "आता तरी म्हणा, माजा चुकला म्हणान. लोकांका नको, माका सांगा." सर उठून मागच्या माडांत निघून गेले. पुढच्या चर्चेला अख्खा गाव जमला. ताईही आली, आयुष्यात पहिल्यांदा. सर इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. म्हणाले, "माझा मुलगा गेला म्हणून माझा मुद्दा खोटा ठरत नाही." पुढे काही बोलायचं होतं बहुतेक, पण तोंड नुसतंच हललं. कुणी टाळी वाजवली नाही. ताई पदर सावरून उठली आणि दारातून निघून गेली. त्या दिवसापासून ती त्यांना वेळेवर वाढायची, औषध द्यायची, पण त्यांच्याशी गरजेपुरतंच बोलायची. त्यांच्या खोलीत तर ती बसलीच नाही कधी.

मी मात्र भांडलो. "माणूस आसात काय फातर?" असं तोंडावर विचारलं. ते घरातही पुस्तकी मराठीच बोलायचे. "भाई, विमानं आली म्हणून त्या शहरातली काही पोरं वाचली. मी आज चूक झाली म्हटलं तर त्यांना काय सांगू? तुम्ही वाचायला नको होतं?" मला उत्तर सुचलं नाही, आणि तेच मी त्यांना माफ केलं नाही. स्वतःच्या मुलाच्या जळलेल्या देहापुढेही युक्तिवाद सुचतो, हे मला किळसवाणं वाटलं. आजही वाटतं. पुढे त्या फौजा निघून गेल्या, युद्ध राहिलं, देशाचे तुकडे झाले. वाचनालयाने सरांना बोलावणं बंद केलं. ते संध्याकाळी खोलीत एकटे बातम्या लावून बसायचे, आवाज अगदी बारीक करून.

सरांच्या बाराव्याला जेवणं आटोपल्यावर आम्ही पुरुष माणसं पडवीत बसलो होतो. आणखी कुठल्याशा देशातल्या यादवीचा विषय निघाला. मी जरा जोरातच म्हणालो, "भायरच्यांनी जावकच नको. काय ता तेंचा तेंनी आपापसात निस्तरूंदे." सगळ्यांनी माना डोलावल्या. ताई चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात आली होती, ती तिथेच थांबली.

"आणि थंयसरल्या पोरांच्या आवशींनी हाक कोणाक मारूची मगे?" ती मला म्हणाली.

तिने ट्रे माझ्यासमोर ठेवला, चहा कुणाला दिला नाही. सरांच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने आतून बातम्या ऐकू येऊ लागल्या. आवाज तिने चांगला मोठा ठेवला होता.