तीस फुटांवरून दिसणारे वामनराव

"भाऊ, परवा उद्घाटन आहे. हाच फोटो टाका."

साखरखेर्ड्याचा विलास माझ्या नाकासमोर मोबाईल धरून उभा होता. लोणारला मी फ्लेक्सचं दुकान चालवायचो तेव्हाची ही गोष्ट. आता दुकान पुतण्या बघतो. पण त्या मशीनची खरखर, शाईचा वास, 'भाऊ, अर्जंट आहे' हे रोजचं पालुपद आठवलं की घरात करमत नाही.

विलासचं कृषी केंद्र त्याच्या वडिलांच्या नावाने निघत होतं. वामनराव तो लहान असतानाच गेले. घरात त्यांचा एकच फोटो, भिंतीवर. विलासने तो तिथेच, काचेसकट मोबाईलवर काढला होता आणि व्हॉट्सॲपवर मला पाठवला होता.

"अरे बाबा, व्हॉट्सॲप फोटो पिळून पाठवतं. ओरिजिनल आण."

"काऊन? मोबाईलवर तं झकास दिसून राह्यला!"

दिसणारच. फोटो म्हणजे रंगीत ठिपके, पिक्सेल. चार बोटांच्या स्क्रीनवर ते दाटीने बसतात. तेच दहा फुटांवर ताणले की एकेक ठिपका चौकोन होतो. हातात धरायच्या कार्डाला इंचाला तीनशे ठिपके हवेत. उंचावरच्या बोर्डाला त्याच्या पाव हिश्शातही भागतं, कारण तो लांबून बघतात. इथे तेवढेही नव्हते. पण विलास घाईत आणि मी आळशी.

"जाऊ दे," मी म्हणालो. "रस्त्यावरून कोणाले समजते?"

उद्घाटनाच्या सकाळी मी साखरखेर्ड्याला पोचलो तेव्हा बोर्ड वर चढवायचा बाकी होता, भिंतीला टेकवून ठेवलेला. रस्त्यावरून लोक म्हणत होते, "वामनराव जसेच्या तसे!" मी कॉलर ताठ केली.

तेवढ्यात विलासची आई, शेवंताकाकू, थेट बोर्डापाशी गेल्या. पदराने हात पुसून त्यांनी नवऱ्याच्या गालावर ठेवला. थबकल्या.

"विलास, जवळ आली तं हे दिसूनच नाही राह्यले रे!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकू, भिंतीवरचा फोटो मले एक दिवस द्या."

"तो खिळ्यावरून कधी उतरला नाही, बापू. उतरला तं मी संग येईन."

दुसऱ्या दिवशी त्या एसटीने आल्या. टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम मांडीवर. मी काच काढली, फोटो जपून स्कॅनरवर ठेवला, इंचाला सहाशे ठिपक्यांवर स्कॅन केला आणि चेहरा स्क्रीनभर मोठा केला.

काकू पुढे वाकल्या.

"अगं माय! हा तीळ! मी तं भुललीच होती."

भुवईपाशी एवढासा तीळ. त्या हसत होत्या, रडत होत्या. मी उगाच प्रिंटरची वायर तपासत बसलो.

बोर्ड फुकट बदलून दिला. विलासच्या फेसबुक पेजसाठी हलकी कॉपी काढली. मोबाईलला हजारेक पिक्सेल रुंदी बस झाली, जड फाईल आपल्याकडच्या रेंजमध्ये उघडता उघडत नाही. आणि तळहाताएवढी एक प्रिंट, पूर्ण तीनशेची, काकूंच्या हातात दिली.

नवा बोर्ड लागला. काकूंनी एकदाही मान वर करून पाहिला नाही. प्रिंट मात्र त्यांच्या उशाशी असते, असं विलास सांगतो.

त्यानंतर गिऱ्हाईक आलं की साईज नंतर विचारायचो. आधी एकच प्रश्न: हा फोटो सगळ्यात जवळून कोण बघणार आहे?