आतोबा आणि पंखवाला इंग्रज

रडण्याचा आमच्या आतोबांइतका मनापासून राग करणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. रोह्याला एका केमिकल कंपनीत फिटर होते. मशीनच्या घरघरीत बोलायची सवय, त्यामुळे आवाज असा की त्यांनी जेवताना मीठ मागितलं तर शेजारीण वाटी घेऊन दारात उभी राही. तान्हं मूल रडायला लागलं की हे त्याच्यासमोर उकिडवे बसून चौकशी करत, "कशापायी रडतोस? कारण सांग. कारण नाय ना? मग बंद!" आणि मूल खरोखरच गप्प होई, बहुधा धक्क्यानं. आत्यानं कांदा चिरायला घेतला की ते परसात निघून जात. पुतणीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी बायकांनी डोळ्यांना पदर लावले, तेव्हा हे टेम्पोत चढून हॉर्न दाबून बसले. नवरी कधी रडली, कधी गाडीत बसली, कुणालाच ऐकू आलं नाही. गावच्या नाटकात नायिका हुंदके देऊ लागली तर आतोबा तांब्या घेऊन थेट रंगमंचावर गेले आणि म्हणाले, "पाणी पी गो, आणि पुढचं बोल."

यातूनच त्यांना इंग्रजी सिनेमाचं वेड लागलं. आपल्याकडचे पिक्चर म्हणजे तीन तास नळ सोडून ठेवलेला, असं त्यांचं मत. "इंग्रज रडत नाय," ते सांगत. "मारतो, पळतो, मोटार उडवतो, नायतर मुका घेतो. पण रडत नाय." इंग्रजी म्हणाल तर आतोबांना यस, नो आणि मशीनच्या भागांची नावं एवढंच येई. पण त्यांचं कुठं अडलं नाही. पडद्यावरचा माणूस तोंड हलवी आणि आतोबा त्याला स्वतःचं बोलणं पुरवत. दुसऱ्या दिवशी शिफ्टमध्ये ती गोष्ट सांगत. ज्यांनी तो पिक्चर पाहिला होता तेही म्हणत की आतोबांचा जास्त चांगला आहे.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. त्यांची एकुलती एक लेक नंदा लग्नाची झाली होती. मी पेणला राहत होतो. माझ्या ओळखीत गणपतीच्या कारखान्यातला एक मुलगा होता, मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारा, शांत, सरळ. वडील वारलेले, घरात आई आणि धाकटे भाऊ. मी स्थळ सुचवलं. आतोबांना पसंत पडलं, पण घरी बघण्याचा कार्यक्रम करायला त्यांनी साफ नकार दिला. "पोहे खाताना माणूस खोटा असतो. हसताना खरा काय तो कळतो. पेणेत इंग्रजी पिक्चर लागलाय, विनोदी. दोन्ही घरची माणसं तिथंच एकमेकांना बघतील." त्यांनी येता-जाता पोस्टर पाहिलं होतं. एक जाडा इंग्रज, पाठीला कोंबडीसारखे पंख, आणि तो कपडे वाळत घालायच्या दोरीला अडकलेला. पोस्टरवर 'आता हिंदीत' अशी चिठ्ठीही चिकटवलेली होती. "बरंच झालं," आतोबा म्हणाले, "पाहुण्यांना कळेल."

या चिठ्ठीनंच घात केला. आतोबांना इंग्रज काय बोलतो ते आयुष्यात पहिल्यांदा कळणार होतं.

सुरुवात झकास झाली. तो जाडा माणूस बेकरीवाला. स्वतःचाच केक घशात अडकून मेला, वर गेला, आणि वरच्यांनी त्याला पंख लावून खाली पाठवला. पंख उघडायचे ते फक्त शिंक आली की. आतोबा गडगडून हसत होते आणि मुलाच्या आईकडे 'सांगितलं नव्हतं?' अशा नजरेनं बघत होते. मध्यंतरात त्यांनी सगळ्यांना बटाटेवडे खाऊ घातले.

मध्यंतरानंतर मात्र त्या इंग्रजाचं काय बिघडलं कोण जाणे. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. हा तिच्या खोलीत उभा राहून तिच्याशी बोलू लागला, आणि तिला तो दिसेना. मागे व्हायोलिन सुरू झालं. बर्फ पडू लागला. "मेरी बच्ची, तेरा पापा यहीं है," असं म्हणून तो चक्क भोकाड पसरून रडायला लागला. मग मुलगी रडली, नवरा मुलगा रडला, चर्चमधला पाद्री रडला, शेवटी कुत्रादेखील. मी आतोबांकडे पाहिलं. ते तोंड उघडं टाकून बसले होते. खूप वर्षांचा भरवशाचा माणूस डोळ्यांदेखत चोरी करताना सापडावा, तसा चेहरा.

"रीळ चुकलंय," ते मला म्हणाले आणि उठून ऑपरेटरच्या खोलीकडे गेले. "ओ, दुसरा पिक्चर लावलाय तुम्ही!" हे बाहेरून सगळ्या थिएटरला ऐकू आलं. डोअरकीपर त्यांना दंडाला धरून परत घेऊन आला. नेमका तेव्हाच पडद्यावरचा बाप, मी तुला सोडून कसा जाऊ, असं विचारत होता. आतोबांना राहवेना. दोन रांगांमधल्या वाटेत उभे राहून, शिफ्टच्या आवाजात ते ओरडले, "अरे, मेलास ना एकदा? मग जा ना बाबा आता!"

थिएटर खो खो हसलं. माझ्या शेजारी मात्र मुलाची आई पदरानं डोळे पुसत होती. वर्षसुद्धा झालं नव्हतं तिचा नवरा जाऊन. ती उठली आणि बाहेर चालू लागली. आत्या तिच्यामागे धावली, तिच्यामागे मी, आणि आतोबा सगळ्यात शेवटी. आपण काय बोललो हे त्यांना कुठं आत्ता कळत होतं.

बाहेर सोड्याच्या गाडीपाशी ती उभी होती. आत्या हात जोडून म्हणत होती, "ताई, यांचं मनावर घेऊ नका हो, यांची जीभ..." आतोबा मान खाली घालून उभे होते. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. स्थळ तर गेलंच, आता माझ्या तोंडाला काळं लागतंय, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

"पिक्चर भिकारच हाय ओ दादा," ती म्हणाली. "तुम्ही बोललात त्यात खोटं काय नाय. पण मला मेलं कुठंतरी रडायचं होतं. घरात डोळ्यात पाणी आलं की पोरं हातातला ब्रश टाकून जवळ येऊन बसतात. मग रडता येत नाय. इथं बरं काळोख होता. तुम्ही ओरडलात, सगळे हसले, आणि माझं रडणं अर्ध्यात राहिलं."

आतोबांनी मागं वळून थिएटरच्या दाराकडे पाहिलं. रडण्यालाही जागा लागते, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मग त्यांनी एकदम विचारलं, "अजून थोडा बाकी असेल. चलायचं?"

ज्यानं मघाशी त्यांना दंडाला धरलं होतं त्याच डोअरकीपरच्या त्यांनी विनवण्या केल्या. "नाय ओरडणार. आईशपथ." आणि शेवटची सगळी रडारड, बर्फासकट, आमच्या आतोबांनी बसून काढली. हाताची घडी घालून, छतावरच्या पंख्याकडे बघत. शेजारी ती बाई पोटभर रडली. शेवटी दिवे लागले तेव्हा लक्षात आलं की नंदा आणि तो मुलगा बाहेर आलेच नव्हते. त्यांच्या खुर्च्यांखाली वड्याचे कागद होते आणि दोघं त्या पंखवाल्याच्या शिंकेची नक्कल करत हसत होते. लग्नाचं त्या दोघांनीच परस्पर ठरवून टाकलं होतं. आम्हाला फक्त तारीख धरायची होती.

लग्नानंतर आतोबा पेणला वरचेवर येऊ लागले. दर वेळी काहीतरी काम काढून. थंडीतल्या एका रविवारी सकाळी मी एसटी स्टँडवर पेपर घ्यायला गेलो, तर हे बाकावर बसलेले. पायाशी वालाच्या शेंगांची पिशवी.

"आतोबा, कधी आलात?"

"मघाशीच. पहिल्या गाडीनं."

"मग नंदाकडे नाही गेलात?"

"जाईन." त्यांनी आजूबाजूला बघून आवाज शक्य तेवढा खाली आणला. "पहिल्या गाडीनं आलो म्हटलं तर म्हणतील, म्हाताऱ्याला रातभर झोप नाय. दुसऱ्या गाडीनं आलो म्हणून सांगतो."

मी त्यांच्या शेजारी बसलो. आम्ही पावसाचं, कंपनीचं, कसलं कसलं बोललो. नंदाबद्दल एक अक्षरही नाही. मग रोह्याची गाडी धूळ उडवत आत शिरली. आतोबा उठले, शर्ट खाली ओढला, केसांवरून हात फिरवला. उतरणाऱ्या माणसांच्या घोळक्यात ते पिशवी घेऊन अलगद मिसळले आणि नुकतेच उतरल्यासारखे, अंग ताठवत, घाईघाईनं स्टँडबाहेर पडले.