हिराबाईंच्या कोपराचं माप

फिटरकाकांच्या खिशात पेन कधीच नसे. गाठी मारलेली सुतळी असे. सातपूरच्या कारखान्यात उभा जन्म सुताचा फरक पकडण्यात घालवलेला हा माणूस निवृत्तीनंतर टेपला हात लावेना. "टेपवर आकडे असतात, माणूस नसतो," म्हणायचे. त्यांची ड्रॉइंगं मी काढायचो. ते टेबलावर सुतळी ताणत आणि मी निमूट पट्टी लावून आकडे लिहीत असे.

नव्वदच्या दशकात त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये भात लावायचं हातयंत्र करायला घेतलं. इंजिन नाही, डिझेल नाही. दांडा दाबला की चिमटे ट्रेमधली रोपं उचलून चिखलात खोचणार. निम्मे भाग जुन्या सायकलींचे. पहिलं यंत्र आम्ही इगतपुरीकडे हिराबाईंच्या खाचरात नेलं. आयुष्यभर वाकून भाताची आवणी केल्यानं त्यांची कंबर धरली होती. त्यांनी यंत्र पाच पावलं पुढे ढकललं, थांबल्या, मागे वळून पाहिलं. नुकती लावलेली रोपं त्यांच्याच पायांखाली गेली होती. आवणी मागे सरकत करतात, हे आम्हा दोन शहाण्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मिस्तरी, लावायचं बी यानंच आन् तुडवायचं बी यानंच?"

बांधावरच्या बाया हसल्या. सर्वांत जास्त काका हसले.

पुढचं यंत्र मागे ओढायचं झालं. दांड्याच्या उंचीसाठी काकांनी हिराबाईंना अनवाणी उभं केलं, जमिनीपासून कोपरापर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली. हे यंत्र मात्र हिराबाईंनी सोडलंच नाही.

अनुदानाच्या यादीत नाव आलं तरच ते इतर बायांना परवडणार होतं. त्यासाठी प्रात्यक्षिक ठरलं. मंडप, नारळ, हार. हारांचं वजन यंत्राहून थोडंच कमी असावं. कृषी खात्याचे मोठे साहेब बूट काढून चिखलात उतरले, हे मान्य केलं पाहिजे. पण चार पावलांत पाठ धरून वर आले. दांडा वीतभर उंच करा, मग यादीचं बघू, म्हणाले.

मी काकांच्या कानाशी लागलो: खालीवर होणारा दांडा करून टाकू.

"एकदा पुरुषाच्या मापाला वर गेला की तो परत खाली येत नाही," काका म्हणाले. मग साहेबांकडे वळून अगदी नम्रपणे, "साहेब, हे यंत्र तुमच्यासाठी नाहीये."

यादी हुकली. यंत्रं मोजकीच झाली, तीही ओळखीपाळखीत. हा हट्ट होता, असं मला त्या दिवशी वाटलं. अजूनही अधूनमधून वाटतं.

काका गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी मी शेड आवरत होतो. हिराबाई एसटीनं आल्या, काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेला दांडा.

"लय वर येतोय आताशा," त्या म्हणाल्या. "मिस्तरीला म्हणावं, चार बोटं खाली घ्या."

दांडा होता तेवढाच होता. हिराबाईच वाकल्या होत्या.

काका गेल्याचं मी त्यांना सांगितलं. त्या उंबऱ्यावर टेकल्या. मग उठल्या, चपला काढल्या, कोपर दुमडून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

सुतळी खिळ्याला होती. जुन्या गाठीच्या चार बोटं खाली मी नवी गाठ मारली.