तिने न सुचवलेलं उत्तर

धुळ्याजवळच्या आमच्या गावात गेल्या वर्षी समाजशास्त्र शिकणारी एक मुलगी पाहणीसाठी आली होती. ओढणीने घाम टिपत ती ओट्यावरच बसली. सासूबाईंना विचारून झाल्यावर माझ्याकडे वळली. "वहिनी, तुम्हाला पुढे काय करावंसं वाटतं?"

सासूबाई लगेच म्हणाल्या, "तिले काय इचारनं? मी सांगस ना."

"आक्का, तुमचं लिहून घेतलंय. यांचं यांच्याच तोंडून हवंय," ती हसून म्हणाली.

"तुम्हीच सांगा ना, काय लिहायचं ते," मी म्हटलं.

"मी सुचवलं तर ते माझं उत्तर होईल, वहिनी."

मग पेन खाली ठेवून ती शांत बसून राहिली. अर्धी गल्ली अजून बाकी होती, तरी तिच्या चेहऱ्यावर घाई नव्हती. माझ्या बोलण्याची इतकी वाट कुणीच पाहिली नव्हती.

"मला बारावी पूर्ण करायचीय," मी एकदाची बोलले.

तिने ते जसंच्या तसं लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि शेजारच्या घरी गेली.

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "हाई तू माले कधी सांगंच नही," त्या म्हणाल्या.

यंदा माझ्या परीक्षेच्या दिवसांत चूल त्यांनीच सांभाळली.