आठव्या खाटेचा पारा

सर्टिफिकेट घेऊन कल्याणच्या एका प्रसूतिगृहात रुजू झाले, तेव्हा मला सगळं येतं अशी माझी समजूत होती. तिथल्या मुख्य नर्सला आम्ही नुसतं बाई म्हणायचो. पहिल्या दिवशी बाई एवढंच म्हणाल्या, "हात गरम पाण्यात बुडवून ये. बाळंतिणीला गार हात लागला की ती तुला काही खरं सांगायची नाही."

बाईंचा आणखी एक नियम होता. खाटा आठ, थर्मामीटर एक. आठव्या खाटेचा ताप तक्त्यात लिहिल्यावर पारा झटकायचा नाही, तसाच ठेवायचा. बाई सवडीनं येऊन पारा आणि तक्ता ताडून बघत. झटकायचा तो पुढच्या फेरीला जाणारीनं.

"बाई, माझ्यावर विश्वास नाही का?" मी विचारलं.

"तुझ्यावर आहे गं. तुझ्या घाईवर नाही."

वर्षभरानं एका दुपारी मला डोंबिवलीला घरी बघायला मंडळी येणार होती. चार वाजता. दोनच्या फेरीला मी थर्मामीटर हातात घेतलाच नाही. तक्त्यात सरळ अठ्ठ्याण्णव पॉइंट चार लिहीत गेले. खरं वाटावं म्हणून मध्ये दोन ठिकाणी चारच्या जागी सहा लिहिलं. म्हणजे चूक नव्हती ती. आता लिहितेच आहे तर नीट लिहिते.

आठव्या खाटेवर टिटवाळ्याची बाई होती. बाळंत होऊन तिसरा दिवस. सकाळी तिला नव्व्याण्णव पॉइंट सहा होता. ती म्हणाली, "बाय, हुडहुडी भरलीय गो." मी तिच्या अंगावरचं कांबळं वर ओढलं, "होतं असं," म्हटलं आणि निघाले.

मुलाकडच्यांना नोकरी करणारी मुलगी नको होती. हे त्यांनी पोहे संपवल्यावर सांगितलं.

साडेसहाला परत आले, तर आठव्या खाटेभोवती माणसं. ताप एकशे चार. डॉक्टर तक्ता हातात घेऊन उभे होते.

"दोन वाजता नॉर्मल? कुणी घेतला ताप?"

बाईंनी ट्रेमधला थर्मामीटर उचलून उजेडाकडे धरला. संध्याकाळी डॉक्टरांनी स्वतःचा वापरला होता. आमचा सकाळपासून तसाच पडून होता, नव्व्याण्णव पॉइंट सहावर. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पारा झटकला.

"मी घेतला," त्या म्हणाल्या. "मी आकडे सांगितले, हिनं लिहिले. नजर चुकली माझी."

"डोळे तपासून घ्या, बाई. हा खेळ नाही."

"हो."

डॉक्टर गेल्यावर मी म्हटलं, "मी जाऊन सांगते त्यांना."

"सांगून तिचा ताप उतरणार आहे का? जा, पट्ट्या ठेव कपाळावर."

मी पट्ट्या ठेवल्या. सांगायचं मात्र राहिलं. बाईंनीच अडवलं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. त्यांनी फक्त आधी पट्ट्या ठेवायला सांगितलं होतं.

पेनिसिलिनवर ती वाचली. तीन आठवडे खाटेवर होती. दूध आटलं, तेव्हा सहाव्या खाटेवरच्या बाईनं तिच्या बाळाला पाजलं. घरी जाताना टिटवाळ्याच्या बाईनं माझ्या हातात भेंडीची जुडी दिली. मी घेतली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी बाईंना कपड्यांच्या खोलीवर टाकलं. वॉर्डवर तरुण नजर हवी, असं ते म्हणाले. तरुण नजर म्हणजे मी. तक्ते माझ्या ताब्यात आले.

बाई फाटक्या चादरी शिवत बसायच्या. डॉक्टरांनी लावायला लावलेला चष्मा शेजारी घडी करून ठेवलेला. सुईत दोरा एका झटक्यात ओवायच्या. बाहेर डॉक्टरांच्या बुटांचा आवाज आला की चष्मा लावायच्या. मी रोज दोनची फेरी झाली की थर्मामीटर आणि तक्ता घेऊन त्यांच्याकडे जायचे. सांगितलं नव्हतं कुणी. त्या चष्म्याशिवाय बघायच्या आणि म्हणायच्या, "बरोबर. जा."

तीन वर्षं हे चाललं. एकदाही त्यांनी त्या दुपारबद्दल विचारलं नाही. मीही काढलं नाही.

निरोपाच्या समारंभात डॉक्टर चांगलं बोलले. शेवटी शेवटी नजर साथ देत नव्हती, तरी बाई कामाला कधी चुकल्या नाहीत, असं म्हणाले. बाई चष्मा लावून बसल्या होत्या. पहिल्या रांगेत मी होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

बाई गेल्या महिन्यात वारल्या. त्यांची नजर शेवटपर्यंत उत्तम होती. त्या दिवशी ताप मी घेतला नव्हता.